सही माझी होती

मधमाश्यांबद्दल माझं मत बराच काळ एका वाक्यात मावत होतं : लांब आहेत तोवर ठीक. मध बाटलीतून येतो, माश्या गडावर असतात. कुणीतरी वर धूर केला, आग्यामोहोळ उठलं, पर्यटक जखमी झाले, ही बातमी दरवर्षी वाचायची आणि आपण घरी होतो याचं समाधान मानायचं. या मतात भीती किती आणि अज्ञान किती, हे मी कधी निवडून पाहिलं नव्हतं. ते निवडलं गेलं घरी मेणबत्त्या वळताना. पण तोवर माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीखालच्या छज्ज्याला आग्या माश्यांनी पोळं बांधलं. चावल्या कुणालाच नव्हत्या. तक्रारी मात्र येत होत्या आणि मला त्या हव्याच होत्या. फवारणीवाल्याला रात्री बोलावलं. व्हाउचरवर ‘पोळे काढून जागा स्वच्छ करणे’ असं लिहून खाली सही ठोकली. सकाळी पार्किंगमध्ये माश्यांचा खच पडला होता. झाडणाऱ्या बाई खराट्याने त्या लोटत होत्या. काहींचे पाय अजून हलत होते. वरून मध ठिबकत होता आणि एका गाडीच्या बॉनेटवर मुंग्यांची रांग लागली होती. मी लगेच नोटीस लावली : मधात विष आहे, कुणी चाखू नये. आपण किती जबाबदार सेक्रेटरी आहोत, असं तेव्हा वाटलं होतं. आता त्या वाटण्याचीच जास्त लाज वाटते.

पुढच्या डिसेंबरात भाची राहायला आली. ती कृषी महाविद्यालयात शिकते, मधमाशीपालनाचं प्रशिक्षण घेऊन आली होती. सोबत मधमाशीच्या मेणाचे पत्रे आणि सुती वात. ‘मामा, चल, मेणबत्त्या वळू.’ मला हे हौशी लोकांचं खूळ वाटायचं. दहा रुपयांत मिळणारी वस्तू ‘नैसर्गिक’ म्हणून महागात का घ्यायची? पण रिकामा होतो, बसलो.

काम दिसतं त्याहून नाजूक आहे. थंडीत पत्रा कडक असतो, तसाच वळायला घेतला तर चिरतो. माझा पहिला चिरलाच. मग तिने बाकीचे थोडा वेळ उन्हात ठेवायला लावले. पत्र्याच्या कडेला वात ठेवायची, कड तिच्यावर दुमडून अंगठ्याने दाबायची आणि पहिला वेढा अगदी घट्ट बसवायचा. तो सैल राहिला तर आत हवा राहते, मेणबत्ती भराभर जळते आणि ओघळते. वात बारीक पडली तर वितळलेल्या मेणात बुडून विझते, जाड झाली तर काजळी धरते. विस्तव कुठेच लागत नाही. हाताच्या उबेने मेण मऊ होत जातं आणि बोटांना मधाचा वास लागतो.

पत्र्यावर सबंध षटकोनी ठसे होते. मी म्हटलं, ‘नक्षी छान काढलीय.’

‘नक्षी नाही, पाया आहे तो. हे पत्रे मुळात मेणबत्तीसाठी नसतातच. मधपेटीतल्या चौकटीत लावतात, म्हणजे माश्यांना शून्यातून सुरुवात करावी लागत नाही.’ जर्मनीत योहान्नेस मेरिंगने १८५७ साली असा पत्रा पहिल्यांदा काढला, हेही तिने सांगितलं. मग विचारलं, ‘माश्या मेण आणतात कुठून, सांग.’

‘झाडावरून. डिंकासारखं काहीतरी असेल.’

ती हसली नाही. म्हणाली, अठराव्या शतकापर्यंत भल्याभल्या जाणकारांनाही ते फुलांतूनच येतं असं वाटायचं. दृष्टी गेलेल्या फ्रान्स्वा ह्यूबरने माश्यांना कोंडून नुसता मध दिला, तरी त्यांनी मेण काढलं. कामकरी माशीच्या पोटाखाली ग्रंथींच्या चार जोड्या असतात. तिथून अभ्रकाच्या कपच्यांसारख्या इवल्या चकत्या बाहेर येतात. माशी त्या चावून मऊ करते आणि भिंतीला लावते. एक किलो मेणापायी सहा-आठ किलो मध खर्ची पडतो, असा साधारण हिशेब मांडतात.

माझा अंगठा पत्र्यावर होता आणि त्याखाली ते षटकोन चपटे होत होते. मी वळायचा थांबलो. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी माशीचे कष्ट थोडे वाचवण्याचा मार्ग कुणीतरी शोधला होता. आणि आमच्या छज्ज्यावर तिने अंगातून काढून उभं केलेलं सगळं मी एका रात्रीत ‘स्वच्छ’ करून घेतलं होतं. त्यात पिलावा, म्हणजे माश्यांची वाढती पिल्लं, असेल, हे तर मनातही आलं नव्हतं.

मी तिला ती रात्र सांगितली. तिने मला दोष दिला नाही. वात कापता कापता एवढंच म्हणाली, ‘फुलोरा संपला की आग्या माश्या आपणहून जातात, मामा. काही महिन्यांचा प्रश्न असतो.’

हे वाक्य मला जास्त लागलं. मेणाची माहिती ऐकून हळहळणं सोपं आहे. मेण झाडावरून येत असतं, तर त्यांना मारणं चाललं असतं का? नाहीच. फवारणीचे पैसे किती हे मी तीन ठिकाणी विचारलं होतं. माश्या जातील कधी, हे एकालाही विचारलं नव्हतं. भीती खरी होती, पण सही तिने केली नव्हती. ती केली कारभारी असल्याच्या तोऱ्याने.

मेणबत्त्या मी आता दर हिवाळ्यात वळतो, पण त्याने हात धुतले जात नाहीत. पेटीतला मध काढताना कप्प्यांची झाकणं सुरीने तासतात, यंत्रात फिरवून मध काढतात आणि पोळं परत पेटीत ठेवतात. त्या झाकणांचं मेण मिळतं. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचं पोळं कापून पिलाव्यासकट पिळलं जातं आणि तेही मेण बाजारात येतं. मेळघाटात नुसता मधाचा भाग कापून बाकीचं पोळं राखण्याची पद्धत मध काढणाऱ्यांना शिकवली गेली आहे, पण ती सगळीकडे नाही. म्हणून घेताना ‘पेटीतलं की पिळलेलं?’ असं विचारतो. दुकानदार वैतागतात. कधी मेण न घेताच परत येतो.

आणि यंदा छज्ज्यावर पुन्हा पोळं दिसलं. मीटिंगमध्ये मी म्हटलं, मागच्या वेळी मी घाई केली. टाकीकडचे दिवे रात्री बंद ठेवू, गच्चीवर धूर नको, फटाके नकोत, खिडक्यांना जाळी लावू आणि वाट पाहू. ‘चावल्या तर जबाबदार कोण?’ असा प्रश्न आलाच, आणि तो रास्त आहे. इतिवृत्तात माझं नाव लिहा म्हटलं. लिहिलं त्यांनी.

भीती गेलेली नाही. सध्या मी मागच्या जिन्याने ये-जा करतो.