पहिला मुक्काम नांदगाव

साठी उलटलेल्या माणसाने काय काय करावे, याची आमच्या घरात एक अलिखित यादी आहे. सकाळी फिरायला जावे, संध्याकाळी देवळात जावे, मधल्या वेळात वर्तमानपत्र वाचून जगाविषयी खेद व्यक्त करावा. सायकलीवर तंबू बांधून कोकणात जावे, हे त्या यादीत कुठेच बसत नाही. त्यामुळे गेल्या पौषात आम्ही चौघांनी मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत सायकलीने जायचे ठरवले, तेव्हा चारही घरांत जे बोलले गेले ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही.

चौघे म्हणजे कॉलेजात एका बाकावर बसणारे. एक डॉक्टर. दुसरे मास्तर, शाळेतून निवृत्त होऊन वर्षे झाली, पण समोरच्याचे वाक्य दुरुस्त केल्याशिवाय त्यांना अजून राहवत नाही. तिसरा टोरांटोकर. हा मूळचा मुरुड तालुक्यातल्या नांदगावचा. 1984 साली कॅनडाला गेला आणि तिथलाच झाला. चौथा मी.

कल्पना टोरांटोकराची. तिकडे उन्हाळ्यात माणसे सायकलीला पिशव्या लटकवून, तळ्याकाठी तंबू ठोकत आठ-आठ दिवस हिंडतात म्हणे. तोही हिंडतो. फोनवर म्हणाला, "या खेपेला घरी मोटारीने जायचं नाही. सायकलने जाऊ." आम्हाला ती हौस वाटली. निघायच्या दोन दिवस आधी डॉक्टरांकडून खरे कारण कळले. नांदगावची वाडी विकायची बोलणी चालली होती. गिऱ्हाईक मुंबईचे, भाव तोंडात बोट घालायला लावणारा. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावे. याने आपली सही केली होती आणि आता तो कागद थोरल्या भावापुढे ठेवायचा होता. "मोटारीने तीन तासांत पोचेन," तो डॉक्टरांना म्हणाला, "आणि दादाला काय सांगायचं ते तेवढ्यात सुचणार नाही."

सकाळी भाऊच्या धक्क्यावर जमलो. 2020 सालापासून इथून मांडव्याला मोटारी पोटात घेणारी बोट सुटते. तिच्या पोटात लांबलचक मोटारींच्या रांगेत आमच्या चार सायकली उभ्या राहिल्या, हत्तींच्या कळपात शेळ्या उभ्या राहाव्यात तशा. तीन सायकली नव्या, हलक्या, गिअरच्या. मास्तरांची मात्र चाळीस वर्षांपूर्वीची लोखंडी, काळी, घंटीचा आवाज थेट शाळेच्या घंटेसारखा. मास्तरांनी बोट सुटताच आम्हाला धीर दिला: 1923 साली मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे, हकीम, बापासोला आणि भुमगारा, 1928 साली पृथ्वीला फेरी घालून परतही आले. "आणि उरलेले तिघे?" डॉक्टरांनी विचारले. मास्तरांनी तो प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा ठरवला.

या किनाऱ्यावरच्या माणसाला हे पाणी ओलांडताना 'रामदास' आठवतेच. 17 जुलै 1947 रोजी याच धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. टोरांटोकराची आजी त्यानंतर बोटीत कधी चढली नाही. मुंबईला यायचे तर पेणवरून, धुळीचे लोट खात, एसटीने. हे सांगताना तो कठड्याला धरून उभा होता. पाणी शांत होते आणि तासाभरात मांडवे आले.

मांडवा ते अलिबाग वीसएक किलोमीटर. रस्ता चांगला, फक्त तो सायकलवाल्यासाठी केलेला नाही. शनिवारची मुंबई मागून येऊन भोंगे वाजवीत पुढे जाई. दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती आणि भक्कम फाटके, आत काय आहे ते दिसत नाही. टोरांटोकराने काही वेळ भिंती मोजल्या आणि मग मोजणे सोडले. किहीमचा फाटा आला तेव्हा मास्तर म्हणाले, सालिम अलींनी 1930 साली इथेच राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. नर एकामागून एक अर्धी घरटी बांधतो, मादी येऊन पाहते, पसंत पडले तर आत जाते आणि मगच तो ते पुरे करतो. डॉक्टर भिंतींकडे पाहत म्हणाले, "आता घरटी आधी बांधतात आणि राहायला कोणीच येत नाही." विनोद चांगला होता, पण टोरांटोकर हसला नाही.

अलिबागेत चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालू लागणार, म्हणजे कुलाब्याच्या वेधशाळेतली नाजूक उपकरणे बिघडणार, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी ती इथे हलवली आणि इमारतीत चुंबकाला ओढील असे काही वापरले नाही. मास्तरांनी आपली लोखंडी सायकल त्या रस्त्याने नेऊ नये, पृथ्वीच्या नोंदी चुकतील, असे डॉक्टरांनी सुचवले. मास्तरांनी उत्तरादाखल घंटी वाजवली.

अलिबाग सुटले आणि आक्षी-नागावच्या सावलीत शिरलो. हा रस्ता सायकलीनेच जावा. मोटारीत सावली म्हणजे काचेवर हलणारे ठिपके. सायकलीवर ती अंगाला लागते. नारळी-पोफळीच्या वाड्यांतून थंड, ओलसर वारा येतो; त्यात शेणाचा, वाळत्या सुपारीचा आणि कुठेतरी तळल्या जाणाऱ्या मासळीचा वास असतो. टोरांटोकर इथे पहिल्यांदा बोलू लागला. असोली सुपारी कशी वाळवायची, पोफळीवर चढलेला गडी खाली न उतरता शेंड्यावरून झोका घेऊन शेजारचे झाड कसा पकडायचा, हे सारे दमछाक सांभाळत सांगत होता. चाळीस वर्षे हे सगळे त्याने कुठे ठेवले होते कोण जाणे.

चौल मागे टाकले. अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात एक घोडा घेऊन इथे उतरला होता, ही माहिती मास्तरांनी चढावर दिली, त्यामुळे ती कोणी नीट ऐकली नाही. रेवदंड्यात जेवलो. पोर्तुगीजांच्या पडक्या तटातून रस्ता जातो, तो ओलांडून कुंडलिकेच्या पुलावर आलो. भरती होती. पुलावर वारा असा समोरून की पायडल मारूनही सायकल जागची हलेना. चौघेही उतरलो आणि हातात धरून पूल ओलांडला. मोटारीतली पोरे काचा खाली करून हसली. त्यांच्या वयाची आमची नातवंडे असल्यामुळे आम्ही रागावलो नाही.

पलीकडे कोर्लई. किल्ल्याचा डोंगर मगरीसारखा समुद्रात तोंड घालून पडलेला आणि त्याच्या पायथ्याशी गाव. पाणी भरून घ्यायला एका दुकानाशी थांबलो. ओट्यावर दोन बायका बोलत बसल्या होत्या. शब्द कानावर येत होते, पण लागत नव्हते. कोकणी नव्हे, मराठी नव्हे. या गावातली ख्रिस्ती मंडळी घरात एक पोर्तुगीजवळणाची भाषा बोलतात. तिला ती 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीजांनी हा मुलूख 1740 साली मराठ्यांना देऊन सोडला. बोलणारी माणसे हजाराच्या आसपास, गाव एक. ती भाषा अजून पोरांना रागे भरते, मासळीचा भाव करते. दुकानदार आमच्याशी अस्सल रायगडी मराठीत बोलला आणि लगेच आत वळून पोराला त्या भाषेत काहीतरी सांगितले.

टोरांटोकर पाण्याची बाटली हातात घेऊन तसाच उभा. "आमच्या घरापासून हे गाव पंधरा-वीस किलोमीटर," तो म्हणाला. "शंभरदा एसटीने इथून गेलो असेन. कधी उतरलो नाही." थोड्या वेळाने म्हणाला, "माझी नातवंडं मला आजोबा म्हणतात. तेवढा एक शब्द." मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडले आणि, नवल म्हणजे, मिटले.

काशीदच्या चढाने आमचे वय आम्हाला सांगितले. चढ फार मोठा नाही, पण पन्नास किलोमीटरनंतर आणि तंबू, चटया, स्टोव्ह यांच्या ओझ्यासकट तो सह्याद्रीएवढा होतो. डॉक्टर दर वळणावर सगळ्यांची नाडी पाहण्याच्या मिषाने स्वतः विसावा घेत. माथ्यावरून खाली सुरूच्या झाडांमागे पांढरी वाळू दिसली आणि तिथून उताराला लागल्यावर चौघांनीही न ठरवता पाय उचलले. त्या दोन मिनिटांचे वर्णन मी करीत नाही. ज्याने लहानपणी सायकल चालवली आहे त्याला ते ठाऊक आहे.

नांदगावात शिरलो तेव्हा सूर्य समुद्राला टेकत होता. वाडीच्या तोंडाशी दादा उभे. वय पंचाहत्तर, अंगात बंडी, हातात कोयती. सायकलींकडे पाहून म्हणाले, "मोटार विकलीस का रे?" आणि भावाच्या पाठीवर एक थाप.

वाडी मी पूर्वी पाहिली होती. भर दुपारी आत दिवा लावावा अशी गर्द होती. आता वर आभाळ दिसत होते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनपासून अलिबागेपर्यंतच्या वाड्या झोपवल्या. त्या दुपारी दादांच्या आठशे पोफळींपैकी साठ-सत्तर उभ्या राहिल्या. काही मुळासकट गेल्या, बाकीच्या कमरेत मोडल्या. करोनाची टाळेबंदी, वीज गेलेली, फोन बंद. टोरांटोकराला भाऊ जिवंत आहे हे कळायला पाच दिवस लागले होते. दादांनी त्याच श्रावणात नवी रोपे लावली. सत्तर वर्षांच्या माणसाने पोफळ लावावी म्हणजे काय? ती फळाला यायलाच पाच-सात वर्षे आणि रंगात यायला आणखी तितकीच. मधे सावलीला केळी लावल्या, दर चैत्रात झावळ्यांची छपरे केली.

दादा आम्हाला ओळीओळीने हिंडवीत होते. पोफळीचे एक पान गळले की बुंध्यावर एक वळे उरते. "मोज," ते भावाला म्हणाले. टोरांटोकर वाकला, बोटाने वळी मोजू लागला, मधेच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. एका झाडाशी दादा थांबले. त्याने त्या साली पहिली पोय टाकली होती. एवढेच दाखवून ते पुढे गेले.

खरा वाद तंबूंवरून झाला. "घरात चार खोल्या रिकाम्या आणि पाहुणे वाडीत कापडाखाली? गाव काय म्हणेल?" वहिनींनी विचारले. टोरांटोकराने तिकडची पद्धत समजावून सांगितली. "तिकडे घरं लांब असतील," वहिनी म्हणाल्या, "इथे वीस पावलांवर आहे." तरी तंबू लागले, मोडलेल्या पोफळींच्या मोकळ्या जागेत, आणि वहिनींनी प्रत्येक तंबूत एकेक गोधडी आणून टाकलीच.

रात्री पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा, पुन्हा पाला. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडके जमिनीवर उपडे आणि भोवती गवताचा, काटक्यांचा जाळ. आत पाण्याचा थेंब घालायचा नाही; पाल्याचा आणि शेंगांचा ओलावा पुरतो. दादा मधून मधून मडक्यावर पाण्याचे बोट झटकीत आणि चुर्र आवाज ऐकून मान हलवीत. शेवटी "झाली" म्हणाले. मडके उलटताच जो वास आला त्याने डॉक्टर आपले पथ्य विसरले. दातांनी शेंगा ओढून खात आम्ही फारसे बोललो नाही.

टोरांटोकराची चामडी पिशवी दिवसभर त्याच्या कॅरिअरवर होती, आता ती सायकलीसकट नारळाला टेकली होती. दादा उठले, हात धुतले, विस्तवावर माती लोटली.

"ती पिशवी पडवीत ठेव रे," ते म्हणाले. "पौषात दव फार पडतं. कागद भिजतील."

कागदाचा शब्द त्यांच्यापाशी आमच्यापैकी कोणी काढला नव्हता. टोरांटोकर उठला, पिशवी आत ठेवून आला. दादा तिथेच उभे होते.

"उद्या किती वाजता निघणार?"

"सहाला. आगरदांड्याची फेरीबोट गाठायची आहे. पलीकडे दिघी."

"मग झोपा. पाचाला पंप लावतो मी, आवाज होईल."

"मी येतो शिपायला," टोरांटोकर म्हणाला.

दादांनी त्याच्याकडे बॅटरीचा झोत टाकला. "पाट बदलायला येतो का अजून? नाहीतर सगळं पाणी केळींनाच पाजशील."

"बघू की."

दादा घराकडे गेले. तो बराच वेळ तंबूबाहेर बसून होता. मी गोधडीतून पाहत होतो. पलीकडच्या तंबूत डॉक्टर आणि मास्तर आळीपाळीने घोरत होते, आणि वाडीमागे ओहोटीचा समुद्र लांब गेला होता.