सर्व्हरची कुंडली

नरकचतुर्दशी, १२ नोव्हेंबर २०२३. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. डोंबिवलीहून आईचा फोन. मला वाटलं, ‘उठलीस का, उटणं लावलंस का’ची नेहमीची हजेरी असेल. पण आई म्हणाली, "अगं, बाबा लागत नाहीयेत."

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ‘लागत नाहीयेत’ म्हणजे त्यांची कॅसेट लागत नव्हती. बँकेतल्या नोकरीव्यतिरिक्त बाबांना एकच नाद, टेपरेकॉर्डर. भजनी मंडळ, आजीच्या ओव्या, आमची भांडणं, जे कानावर पडेल ते रेकॉर्ड. एकूण ६४ कॅसेट! त्यातली एक १९८९च्या दिवाळीतली. बाबा आम्हा तिघांना नावं घेऊन उठवतायत, मागे बंबाचं झाकण वाजतंय, दादा ‘पाच मिनिटं’ म्हणतोय. आईला दिवाळीच्या पहाटे तेवढंच ऐकायचं होतं. आणि तिच्या मोबाइलवर येत होतं, ‘इंटर्नल सर्व्हर एरर’.

तो सर्व्हर माझा होता. पुण्यात, माझ्या हॉलमध्ये, टीव्हीच्या कपाटाखाली.

झालं होतं असं. कॅसेट डिजिटल करून घेतल्या तर चाळीस जीबीच्या आसपास भरल्या. शिवाय स्कॅन केलेले फोटो. दादा टोरंटोला, ताई नाशिकला, आई डोंबिवलीत. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आकसतात, फुकटच्या क्लाउडची जागा संपलेली. दर महिन्याला पैसे भरून जागा मिळाली असती, पण बाबांचा आवाज कायम भाड्याच्या खोलीत? काहीतरीच वाटलं. म्हटलं, आपलंच घर बांधू. ऑफिसने भंगारात काढलेला डेस्कटॉप साडेचार हजारांत उचलला, नवी हार्डडिस्क टाकली आणि जुलै २०२३ मध्ये त्यावर नेक्स्टक्लाउड बसवलं. २०१६ मध्ये ओनक्लाउडमधून फुटून निघालेलं हे सॉफ्टवेअर. मोफत, ओपन सोर्स आणि दिसायला एकदम चकाचक. मी सॉलिड खूश!

आता माझे पराक्रम ऐका. आधी मी ते त्या पीसीवरच्या विंडोजवर बसवायला गेले. दोन रात्री घालवल्यावर कळलं की याचा सर्व्हर विंडोजवर चालतच नाही, लिनक्सच लागतं. मग लिनक्स घेतलं ते उबुंटू २३.०४. का? तर सगळ्यात नवीन होतं म्हणून. मोबाइल घेताना लावतो तोच फंडा. त्याला फक्त नऊ महिन्यांचा सपोर्ट आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये तो संपणार, हे वाचायचे कष्ट कोण घेणार? पुढे डेटाबेस निवडायची पाटी आली. तिथे एसक्यूलाइट आधीच निवडलेलं होतं. खाली इशाराही होता, की हे छोट्या वापरापुरतं आहे, मोबाइल आणि कॉम्प्युटरवरून सिंक करणार असाल तर टाळा. शाळेत सूचनाफलक वाचला नाही, तिथे हे काय वाचणार! ‘नेक्स्ट’ दाबलं.

चार महिने मस्त चाललं. मग दिवाळी आली. आपल्या पहाटे पाचला टोरंटोत आदल्या दिवशीची संध्याकाळ असते. दादाच्या मित्रमंडळींची दिवाळी पार्टी ऐन रंगात आली होती आणि त्याचा नि वहिनीचा फोन धडाधड फोटो चढवत होता. ताईकडे भाच्याने तेच चालवलेलं. एसक्यूलाइटचा अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल, आणि तिच्यात एका वेळी एकानेच लिहायचं. बाकीचे रांगेत. रांग लांबली की ‘डेटाबेस इज लॉक्ड’. त्या रांगेच्या शेवटी उभी होती माझी आई, अंगाला तेल लावून.

मी फोनवर आईला काय सांगणार? म्हटलं, "संध्याकाळी बघते." ती म्हणाली, "राहू दे गं, संध्याकाळी काय उपयोग." आणि ठेवला फोन.

फाइल्स गेल्या असं वाटून मला घाम फुटला होता. गेल्या नव्हत्या. नेक्स्टक्लाउड साध्या सेटिंगमध्ये आपल्या फाइल्स डिस्कवर जशाच्या तशा, त्याच नावांनी ठेवतं, त्यामुळे सगळं जागच्या जागी होतं. मी ते दोन हार्डडिस्कवर उतरवून घेतलं आणि चिडून पीसी माळ्यावर टाकला.

वर्षभराने ऑफिसातल्या सिस्टिम अ‍ॅडमिनला हे रामायण सांगितलं. आमचे हे काका पन्नाशीचे, तंबाखू मळत शांतपणे ऐकतात. म्हणाले, "कुंडली बघितली होतीस का?"

"कसली?"

"सिस्टिम रिक्वायरमेंट्स. प्रत्येक व्हर्जनचं पान असतं. कोणतं लिनक्स, कोणतं पीएचपी, कोणता डेटाबेस. लग्नाला बघत नसशील, इथे बघ."

बघितलं. आणि खरं सांगते, आधी कधी वाचलंच नव्हतं! ‘सपोर्टेड’ म्हणजे बाकीचं चालणारच नाही असं नाही. म्हणजे एवढंच, की ही जोडी बनवणारे स्वतः तपासून बघतात, आणि अडलं तर तीच जोडी वापरणारे हजारो जण आधी त्याच खड्ड्यात पडून गेलेले असतात. माझी जोडी मात्र माझी एकटीचीच. रात्री दोन वाजता अशी नावीन्याची हौस जाम महागात पडते.

दसरा १२ ऑक्टोबर २०२४ला, शनिवारी होता. आदल्या दिवशी रजा टाकली, पीसी खाली काढला, पुसला, झेंडूची माळ घातली (शस्त्रपूजाच ही) आणि त्या वेळच्या नेक्स्टक्लाउड ३०चं पान समोर ठेवून ओळीने शिफारस केलेलंच घेतलं. उबुंटू २४.०४ एलटीएस, म्हणजे पाच वर्षं अपडेट येत राहणार. पीएचपी ८.३, जे त्यात आयतंच मिळतं. डेटाबेस मारियाडीबी, वेब सर्व्हर अपाची. एनजिनएक्स हलकं पडतं म्हणतात, आणि चालतंही. मी मोह आवरला. फाइलींच्या कुलुपांचा हिशोब ठेवायला रेडिस. जुन्या फाइल्स परत टाकून एक स्कॅनची कमांड दिली, आणि झालं. जुन्या शेअर लिंक्स गेल्या, त्याबद्दल ताईने बोलून घेतलं.

आज सुरुवात केली असती तर बहुतेक त्यांचंच डॉकरमधलं ‘ऑल-इन-वन’ घेतलं असतं. सगळी जुळवाजुळव तेच करून देतात. पण हाताने बसवल्यामुळे कुठे काय आहे ते मला कळलं, हेही आहे. स्टॅटिक आयपी, सर्टिफिकेट वगैरे भानगडी वेगळ्याच, त्यात शिरत नाही. यूपीएस मात्र घ्याच. गुरुवारी लाइट जाते, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. आणि पुढचं मोठं व्हर्जन आलं की एकेक पायरी चढायची. मधली गाळून उडी मारता येत नाही, अपडेटरच अडवतो. चढण्याआधी परत कुंडली! बॅकअपची एक डिस्क आता नाशिकला ताईच्या कपाटात असते, साड्यांखाली.

नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरला आली. गुरुवारच. मी साडेचारपासून लॅपटॉप उघडून बसले होते. दादाला आदल्या रात्रीच मेसेज टाकला होता, की फोटो बिनधास्त चढव, बघायचंच आहे मला. पाच वाजून सात मिनिटांनी लॉगमध्ये आईचा फोन दिसला. दोन मिनिटं गेली, चार गेली. तिचा कॉल काही येईना. शेवटी मीच केला.

तिकडे मागे बंबाचं झाकण वाजत होतं.

"थांब गं," आई म्हणाली, "आता तुझं नाव येतंय."