‘सिस्टर, मला काय झालंय?’

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर आहे. सलाइन, केमोनंतरच्या उलट्या याचं तिला काही वाटत नाही. जड जातं ते नातेवाइकांचं वाक्य : "बाबांना सांगू नका हं, धीर सोडतील."

आणि रात्री दोन वाजता, मुलगा बाहेर बाकावर झोपलेला असताना, बाबाच विचारतात, "सिस्टर, मला काय झालंय?"

निदान सांगणं डॉक्टरांचं काम. पण रात्री जवळ असते ती सिस्टर. "साधी गाठ आहे" म्हणावं तर खोटं. "डॉक्टरांना विचारा" म्हणावं तर न सांगता सांगितल्यासारखंच. ती उलट विचारते, "काका, तुम्हाला काय वाटतंय?" बऱ्याचदा त्यांना ठाऊकच असतं. केस गेलेत, हॉस्पिटलची पाटी वाचलीय. (आजारी माणसाला वाचता येत नाही असं आपल्याला का वाटतं कोण जाणे!) वर तेच म्हणतात, "मला कळलंय हे मुलाला सांगू नका."

परिचारिकांची शपथ १८९३ सालची, नाइटिंगेलबाईंच्या नावाची, पण त्यांनी लिहिलेली नव्हे. रुग्णाची खासगी गोष्ट बाहेर न फोडण्याचं वचन तीत आहे. रुग्णाचीच गोष्ट रुग्णापासून लपवण्याचं नाही.

सकाळी ती डॉक्टरांच्या कानावर घालते, मुलाशीही बोलते. काही ऐकतात, काही तक्रार करतात. मुलाची माया मला कळते हो. पण बाबांना कदाचित शेत नावावर करायचं असेल, धाकट्या भावाशी धरलेला अबोला सोडायचा असेल. ते त्यांच्या वतीने मुलगा कसा करणार?