उतरताना

हिंगणीतल्या माझ्या लहानपणी डोंगर चढणं म्हणजे सरपण आणणं. आजी पहाटे बोरच्या जंगलाकडे निघायची, मी तिच्या मागे. चढताना तिच्या हातात नुसती कुऱ्हाड आणि दोर. उतरताना डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी. मान ताठ, पाय दगड चाचपत, तोंडातून शब्द नाही. वर पोचल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नाही. तिची खरी वाट तिथून पुढं सुरू व्हायची.

पुढं नोकरीनं मला नाशिकला नेलं. आजी सत्तरी ओलांडून माझ्याकडे आली, तेव्हा मी तिला त्रिरश्मीवर घेऊन गेले. लोक पांडवलेणी म्हणतात. पण ही चोवीस लेणी बौद्ध भिक्खूंची, आणि तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव 'तिरण्हु' असं आहे. मी त्रिरश्मीच म्हणते.

पायऱ्या दोनेकशे असतील, पण उभ्या. आजी दर दहा-पंधरा पायऱ्यांवर बसायची. खाली पसरलेलं नाशिक दिसायला लागलं तसं तिनं विचारलं, "काळाराम कोणीकडं वं?" मी हात केला. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथं मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. एका दारासाठी माणसं वर्षानुवर्षं झगडली, मार खाल्ला, आणि दार काही उघडलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या माझ्या आजीला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

अठरा क्रमांकाचं लेणं चैत्यगृह आहे. आत मूर्ती नाही, दगडात कोरलेला स्तूप आहे. आजीनं पंचांग प्रणाम केला आणि तिथंच बसून राहिली. मी दारावरच्या कमानीकडे बघत होते. याच डोंगरातल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात राजमाता गौतमी बलश्रीचा मोठा लेख आहे, मुलाचे पराक्रम सांगणारा. या दारावर मात्र ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, जेमतेम एक ओळ आहे. तिचा अर्थ एवढाच की हे नाशिककरांच्या धंभिक गावाचं दान. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावानं मिळून दार दिलं. मी आजीला वाचून दाखवलं. "अख्ख्या गावानं?" तिनं दोनदा विचारलं.

उतरताना तिचा हात सारखा डोक्याकडे जात होता. मोळी सावरायची सवय. मधेच थांबून म्हणाली, "डोक्यावर काहीच नाही वं पोरी. कसंतरीच लागते."

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. गावातल्या विहाराला सागवानी दार बसवायचं ठरलं, तेव्हा वर्गणी निघाली. कुणी दहा हजार दिले, कुणी मजुरीतले पन्नास. देणगीदारांच्या नावांची पाटी लावायची टूम निघाली, तेव्हा मी धंभिकची गोष्ट सांगितली. बैठक थोडा वेळ गप्प झाली. आता दारावर एवढंच कोरलं आहे: हिंगणी गावाचं दान.

आता माझेही गुडघे कुरकुरतात, तरी नाशिकला गेले की चढते. तुम्ही गेलात तर घाईनं मोठ्या मूर्तींकडे वळू नका. अठराव्या लेण्याच्या दाराशी थांबा, मान वर करा आणि त्या गावाचं नाव वाचा.