व्हिएन्नाच्या सुवर्णसभागृहांत

माझ्या धाकट्या बंधूचा मुलगा उच्च शिक्षणासाठीं व्हिएन्नास राहतो. तेथील विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदांत आपण झांज वाजवितों, असें त्यानें कळविलें, तेव्हां घरांत बरीच खळखळ झाली. "कर्ज काढून धाडलें, तें झांजा कुटावयास काय?" असें विचारणारा मीच. त्यानें उलट उत्तर केलें नाहीं; पुढें मी तिकडे गेलों त्या वेळीं मैफलीचें तिकीट मात्र हातीं ठेविलें.

मैफल म्युझिकफेराइन या वास्तूंतील सुवर्णसभागृहांत होती. ही वास्तु १८७० सालीं खुली झाली. सभागृह सुमारें ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच. दोहों बाजूंस सोन्याचा मुलामा दिलेल्या स्त्रीमूर्ति. परंतु मला अधिक नवल वाटलें तें पायाखालच्या लाकडी जमिनीचें. तिच्याखालीं पोकळी आहे. तंबोऱ्यास भोपळा, तशी ती. तेथें खोकला आवरून बसावें लागतें, हें ओघानेंच आलें.

वादकांची बैठक भरतमुनींच्या वर्गीकरणाबरहुकूम मांडल्यासारखी दिसली. तत म्हणजे तंतुवाद्यें पुढें, सुषिर मध्यें, अवनद्ध व घन अगदीं मागें. आपल्याकडे मृदंगी गवयाच्या शेजारीं बसतो. येथें त्यास शेवटची रांग. नगारेवाला तर इतरांचें वादन चालू असतांच मधूनमधून कातड्याशीं कान नेऊन पुढचा सूर हलकेच लावून घेत होता. आपल्या पखवाज्यास कणीक लावतांना निदान सभेची शांतता तरी लाभते! झांज, त्रिकोण व मोठा ढोल हीं वाद्यें तुर्की पलटणींच्या बाजाच्या वाटेनें या वृंदांत आलीं. ज्या तुर्कांनीं १६८३ सालीं या शहरास वेढा घातला, त्यांच्याच बाजाचा थाट मोझार्टनें १७८२ सालीं येथल्या रंगभूमीवर आपल्या संगीत नाटकांत आणिला.

त्या रात्रींची मुख्य रचना ड्वोर्झाकची नववी सिंफनी, 'नव्या जगांतून' या नांवानें प्रसिद्ध असलेली. अमेरिकेंत राहून त्यानें ती रचिली. १८९३ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें ती प्रथम वाजली. भाग चार, अवधि पाऊण तासाच्या आंतबाहेर. त्यांत झांजेचा ठोका एकच, तोहि चौथ्या भागांत आणि हलका! पुतण्यानें मला हें आधीं सांगितलें नव्हतें.

तीन भाग तो हात मांडीवर ठेवून बसून होता. चौथ्यांत उठला, झांजा उचलल्या. त्याचे ओठ हलत होते. मीहि बोटांच्या पेरांवर मोजूं लागलों. भरतानें तालक्रिया सशब्द आणि निःशब्द अशा द्विविध सांगितल्या आहेत. आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश या निःशब्द. हीं नांवें मला मुखोद्गत. पण आवाज न होतां ताल चालतो म्हणजे काय, तें मला त्या पोराच्या ओठांवर दिसलें. तुताऱ्यांच्या गजरांत माझी मोजणी हुकली. आतां हाहि हुकला तर? माझ्या तळहातांस घाम सुटला. इतक्यांत वादळ ओसरतां ओसरतां दोन पितळी कडा एकमेकींस जेमतेम भिडल्या. लाट वाळूंत जिरावी तसा नाद झाला, आणि त्याच्याआडून क्लॅरिनेटचा सूर उठला. शेजारच्या बाईंस तो ठोका ऐकूं आला कीं नाहीं, देव जाणे.

बाहेर कडाक्याची थंडी होती. "चुकला असतास तर?" मीं विचारलें.

"तालमींत दोनदां चुकलों, अण्णा," तो म्हणाला.

झांजांची पिशवी मीं त्याच्या हातांतून घेतली. ती चांगलीच जड होती.