फाटलेला खांदा गप्प बसत नाही

फिजिओथेरपीची इंटर्नशिप सुरू झाली तेव्हा खांद्याचे स्नायू मला तोंडपाठ होते. कोणता कुठून निघतो, कुठं चिकटतो, काय करतो, सगळं. पण कोल्हापुरात समोर खरा फाटलेला खांदा आला आणि काही सुचेना. खांद्याचा सांधा धरून ठेवणारा रोटेटर कफ फाटला म्हणजे स्नायू थंडावलेले असणार, असं वाटत होतं. इथं तर सगळा खांदाच झुंजत होता.

पेशंट होते गंगावेशीतले एक वयस्कर वस्ताद. ऐन उमेदीत खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलेले. एमआरआयमध्ये रोटेटर कफ मोठा फाटलेला दिसत होता. मी म्हटलं, "वस्ताद, हात बाजूनं वर घ्या." हात कमरेपासून थोडा सुटला आणि लगेच खांदा कानाला जाऊन भिडला. मान ताठली, खवाट्याचं हाड बाहेर सरकलं, दंडावरचा डेल्टॉइड दगडासारखा झाला. हात मात्र छातीपर्यंतही पोचेना. "ताकद हाय ओ ताई," ते म्हणाले, "पर हात ऐकत न्हाई."

मला शिकवणाऱ्या मॅडमनी माझा तळवा वस्तादांच्या काखेच्या मागच्या कडेवर ठेवायला लावला. तिथं लॅटिसिमस डॉर्साय असतो, हात खाली ओढणारा स्नायू. हात वर जाताना त्यानं सैल राहायला हवं. वस्ताद हात उचलायची धडपड करत होते आणि माझ्या बोटांखाली तोच स्नायू आवळत होता. वर न्यायचं असताना खाली ओढणारा का जागा होतो? त्या दिवशी मला याचं उत्तर देता आलं नाही.

पुढं ईएमजीच्या, म्हणजे स्नायूंचे विद्युतसंकेत टिपणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरही तेच दिसलं. कातडी स्पिरिटनं पुसून इलेक्ट्रोड चिकटवले. निरोगी हात उचलताना लॅटिसिमसची रेघ जवळजवळ सपाट होती. दुखऱ्या हाताला तीच दाट होऊन उसळली, मानेकडून खांद्यावर उतरणाऱ्या ट्रॅपिझियसचीही. ज्याची हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटली होती तो कफचा स्नायू सुप्रास्पायनेटस मात्र पडद्यावर दिसेचना. तो ट्रॅपिझियसखाली खोल असतो. त्याचा संकेत नीट टिपायचा तर स्नायूत बारीक तार घालावी लागते.

मग मॅडमनी हाडांचा सांगाडा पुढं ओढला. खांद्याची खोबणी उथळ असते. दंडाच्या हाडाचं गोल डोकं तिच्यात दाबून धरतात ते सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस हे चार स्नायू. हाच कफ. हात उचलायला लागताना डेल्टॉइड हाड सरळ वर ओढतो, कफ ते जागेवर धरतो, म्हणून हात गोल फिरतो. अमेरिकेत इन्मन, साँडर्स आणि ॲबट यांनी 1944 साली स्नायूंचे विद्युतसंकेत टिपून ही जोडी मांडली होती. कफ फाटला की ही पकड सुटते. डोकं वर सरकतं, वरच्या हाडाला घासतं आणि कळ निघते. ते खाली धरायला लॅटिसिमससारखे स्नायू धावून येतात. पण ते हात खाली ओढणारे. त्यामुळं डेल्टॉइडची बरीच ताकद त्यांच्याशी ओढाताण करण्यातच जाते. वस्तादांचा हात का ऐकत नव्हता, ते इथं उलगडलं.

नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी 2006 साली मोठा कफ फाटलेल्या पेशंटांच्या खांद्यात भूल देऊन पाहिलं. दुखणं उतरल्यावर या खाली ओढणाऱ्या स्नायूंची जादा धडपड कमी झाली. म्हणजे या धडपडीमागं दुखण्याचाही हात होता. हे वाचलं आणि आधी दुखणं कमी करायचं, मग व्यायाम, असा क्रम का असतो ते मला समजलं.

वस्तादांना जोर काढूनच खांदा मोकळा करायचा होता. तालमीत वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आम्ही मात्र आधी दुखणं कमी करण्याकडं लक्ष दिलं. मग त्यांना उताणं झोपवून हात वर न्यायला लावला. त्या स्थितीत हाताचं वजन हलकं पडतं आणि डेल्टॉइडला सावकाश काम शिकवता येतं. पुढं बसून, आरशासमोर, खांदा कानाकडं जाऊ न देता. मग रबरी पट्टा. शाबूत राहिलेल्या कफला त्यानं काम मिळतं. हात पूर्वीसारखा झाला नाही, पण ते आता स्वतःच्या हातानं फेटा बांधतात.

फाटलेली दोरी व्यायामानं सांधली जात नाही. धडपडून पडल्यावर अचानक हात उचलेनासा झाला, तर सर्जनला लवकर दाखवायलाच हवं, कारण उशीर झाला की दोरी आखडते आणि स्नायूत चरबी भरते. पण वयानं झिजून फाटलेल्या कितीतरी खांद्यांना नीट व्यायामानं आराम पडतो, ऑपरेशनची वेळ येत नाही. आता कुणाचा खांदा कानाला भिडला की मी "खांदा खाली घ्या" म्हणून दटावत नाही. कोणता स्नायू कुणाचं काम अंगावर घेतोय, ते आधी हात लावून बघते. दुखणं उतरवल्याशिवाय आणि ज्याचं काम त्याला परत दिल्याशिवाय त्या स्नायूला सैल हो म्हणायचा मला हक्क नाही.