लोणार, बाबा आणि पुरावा

तर झालं असं, की दिवाळीनंतरच्या शनिवारी मी पुसदला घरी होतो आणि माझ्या डोक्यात एकच विषय होता. बाबांनी आता पुण्याला यावं आणि इथलं घर विकून टाकावं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात. गुडघे दुखतात, तरी रोज भाजी आणायला चालत जातात. फोनवर विषय काढला की, "पाहू न," म्हणतात आणि पुढे काही नाही. म्हणून म्हटलं, एक दिवस गाडीतून कुठंतरी नेऊ आणि रस्त्यात बोलून टाकू. कुठं जायचं विचारल्यावर म्हणाले, "लोणार. लई वर्षं झाले."

पुसदहून अनसिंग, वाशीम, रिसोड करत लोणार. सकाळी सहाला निघालो. वाशीमला चहा-आलूबोंडा. तोवर मी विषय काढला नव्हता. (मॅनेजरसमोर पगारवाढ मागायला मला जितका वेळ लागतो, तितकाच इथंही लागतो!)

आधी गावातलं दैत्यसूदन मंदिर पाहिलं. ताऱ्याच्या आकाराचा पाया आणि भिंतीवर इंचभर जागा न सोडता केलेलं कोरीवकाम. लवणासुर नावाच्या दैत्याला मारणारा विष्णू तो दैत्यसूदन, आणि लवणासुरावरून लोणार, अशी गोष्ट. आत अंधार होता. मी मोबाईलचा टॉर्च छतावर मारला, तर तिथं देव-दैत्यांची अख्खी कथा कोरलेली. बाबा मान वर करून इतका वेळ पाहत होते की मलाच त्यांच्या मानेची काळजी वाटायला लागली.

तिथून धारेवर गेलो. गोमुखातून गोड्या पाण्याची धार पडते, बारा महिने. हेच पाणी खाली सरोवरात जातं आणि तिथं खारट, साबणासारखं बुळबुळीत होतं. का? तर पाणी बाहेर जायला वाटच नाही. वाफ होऊन पाणी उडतं, क्षार मागे राहतात. ऐन-ए-अकबरीतसुद्धा लोणारचा उल्लेख आहे, काच आणि साबणाला लागणारा माल मिळणारी जागा म्हणून.

समोर ते प्रचंड गोल विवर. व्यास जवळपास १.८ किलोमीटर. खाली हिरवं पाणी, भोवती झाडी आणि काठाकाठाने काळ्या दगडाची जुनी देवळं. बाबा पायरीवर टेकले. "जाय तू. माह्यानं आता खाली होत नाही. कमळजा देवीले माहा नमस्कार सांग."

मी एकटाच उतरलो. मध्ये वानरं, मोर आणि खाली पोचता पोचता नाकात शिरणारा सडक्या अंड्यांचा वास. रामगयेचं देऊळ पाहिलं. रिकामा गाभारा, चौकोनी खांब आणि वटवाघळं. अलीकडच्या वर्षांत पाणी बरंच वाढलंय, काठावरची काही देवळं पाण्यातच उभी आहेत. कमळजेच्या देवळापर्यंत जाता आलं नाही. लांबूनच हात जोडले, बाबांचे आणि माझे.

वर आलो तर बाबांभोवती कॉलेजची चार-पाच पोरं बसलेली! बाबा शिकवत होते. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली, पण भूगोलाचा मास्तर काही निवृत्त झालेला नाही.

"१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची नोंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षं लोक म्हणत, हा ज्वालामुखी आहे. आजूबाजूला सगळा बेसाल्ट, मग दुसरं काय म्हणतील? १९७३ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की इथल्या दगडात मॅस्केलिनाइट आहे. ही काच फक्त प्रचंड आघातानंच बनते. म्हणजे वरून उल्का पडली. दीडशे वर्षं लागले हे ठरवाले." मग जरा थांबून म्हणाले, "मीही पहिले दोन वर्षं पोराईले ज्वालामुखीच शिकवला. आमच्या नोट्समध्ये तेच होतं. खरं समजलं त्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं, बाबूहो, मी चुकलो, वहीतलं पान खोडा."

हे मला माहीत नव्हतं. बाबा कधी "मी चुकलो" म्हणाले असतील, असं मला वाटलंच नव्हतं. मी तर गृहीतच धरलं होतं की ते ऐकणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं, नुसतं सांगत होतो. पुण्यातला फ्लॅट, लिफ्ट, जवळचं हॉस्पिटल... सगळं ठरवून मग फोन करायचो.

परत येताना रिसोडच्या पुढे त्यांनीच विषय काढला. "तू घराचं बोलाले आणलं होतं न मले?"

मी गप्प. मग म्हटलं, "हो. पण बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "पुण्यात बरं वाटते, असं तू म्हणतो. मी राहून पाहिलं नाही. पुरावा नाही माह्याजवळ. हिवाळ्याचे दोन महिने येतो. घर मात्र तसंच राहू दे. नाही जमलं तं वापस येता आलं पाहिजे."

मी तीन वर्षं जो प्लॅन बनवत होतो, त्यात परतीची वाट ठेवलीच नव्हती. प्रॉडक्शनवर काही टाकताना आम्ही रोलबॅकशिवाय पाऊल उचलत नाही, आणि इथं मी बापाचं घर विकायला निघालो होतो. :(

असो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं तिकीट काढलंय. सध्या फक्त जाण्याचं. परतीची तारीख बाबा ठरवणार आहेत.

आणि हो, लोणारला जाणार असाल तर सकाळी लवकर उतरा, पाणी सोबत ठेवा. आणि वर कुणी म्हातारा मास्तर बसलेला दिसला, तर दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा.